साप्ताहिक सुट्टी

तासगावात, स्टँडमागच्या ई-सेवा केंद्रात
पंखा एक, खुर्च्या दोन, आणि आम्ही दोघी.
मी वैजयंता ऐवळे, ही जुलेखा मुल्ला.
कागदांची पिशवी मांडीवर,
तापलेलं लेकरू डॉक्टरकडं आणल्यागत.

पोरगा मान वर न करता विचारतो,
व्यवसायाचं स्वरूप?
बेदाणा निवडणं, पाव किलोच्या पुड्या बांधणं.
आधी काय करत होता?
तेच.
पुडीवर नाव तेवढं दुसऱ्याचं.

बारा वर्षं कोल्ड स्टोरेजच्या शेडात
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा पायाशी.
काडी बोटाच्या पेराला कळते,
डोळ्याला मागाहून.
आता तेच बोट मशीनवर ठेवलं
तर मशीन म्हणतं, ठसा जुळत नाही.
जुलेखानं माझा अंगठा आपल्या ओढणीला पुसला,
फुंकर मारली, दाबून धरला.
चौथ्या खेपेला सरकारनं मला ओळखलं.

नावावरून तीन दिवस भांडलो होतो.
तिच्या लेकीचं का माझ्या लेकीचं.
पोरीच म्हणाल्या, आमची नकोत, कॉलेजात चिडवतील.
मग सावळजहून ज्या एस.टी.नं कामाला यायचो
तिचंच ठेवलं. सहाची गाडी.
पोरगा पहिल्यांदा हसला. टाइप केलं.

करारनामा आरवाडे वकीलबाईंकडं झाला,
पाचशेच्या स्टॅम्पवर.
माझे भिशीचे बावीस हजार,
हिनं शिलाई मशीन विकली, त्याचे अठरा.
नफा-तोटा निम्मानिम्म.
जुलेखा म्हणाली, चार हजार माझे कमी, निम्मं कसं?
मी म्हटलं, चाळीस किलोत एक खडा तुला दिसतो,
मला दिसत नाही. त्याचे चार हजार.
बाई म्हणाल्या, हे कलमात बसत नाही.
नाही बसत तर उभं राहू दे, म्हटलं.

कलम अकरा.
भागीदाराचा मृत्यू, वेड किंवा दिवाळं.
आधी कोण, हिनं हळूच विचारलं.
वेडाचं विचारतीस तर तू.
बाईंना वाटलं आम्हाला कागद कळला नाही.
कळला होता.

आणि आता हा पोरगा विचारतो,
साप्ताहिक सुट्टीचा वार?

पिशवीत आधार होतं, पॅन होतं,
लाइट बिल, शेडमालकाची ना हरकत,
पासपोर्ट फोटो सहा-सहा.
ह्याचं उत्तर नव्हतं.

आमच्यात सुट्टी म्हणजे खाडा.
खाडा म्हणजे तीनशे.
आई गेली तेव्हा माझे दोन, सहाशे झाले.
हिचा ईदचा एक.
धाकट्याच्या वेळचे किती, ते हिनं मोजलेच नाहीत,
मुकादमानं मोजले, लाल पेनानं.
इथं तर नुसता वार लिहायचा.
कुणी मेलं नाही, कुणी जन्मलं नाही,
तरी बसायचं म्हणे घरी.

शुक्रवार घे, मी म्हटलं.
नमाज तासाभराची, ती म्हणाली, अख्खा दिवस कशाला वाया?
मग रविवार.
रविवारी सगळी घरात, म्हणजे कामं दुप्पट. ती कसली सुट्टी?
सौद्याचा वार नको. बाजाराचा नको.
पोरगा म्हणाला, मावशी, मागं रांग हाय.
असू दे, जुलेखा म्हणाली.
इतक्या मोठ्यानं मी तिला
कुणाला थांबवताना ऐकलं नव्हतं.

बुधवार लिही.
बुधवारी काय असतं?
काय नसतं. म्हणूनच.

कागद गरम निघाला मशीनमधून.
तो तिनं वारा घालून गार केला
आणि बाहेर आल्यावर विचारलं, आज वार काय गं?
मंगळवार.
म्हणजे धंद्याचा पहिलाच दिवस सुट्टीचा.
रसवंतीवर दोन फुल ग्लास सांगितले, बिनबर्फाचे.

सकाळी सहाला उगीच स्टँडवर गेले,
तर ही आधीच उभी.